चेअरमनची चौकशी

माझ्या आज्जीच्या कुत्र्याचं नाव चेअरमन. गावातल्या दूध संस्थेच्या पायरीवर तो दिवसभर झोपायचा आणि दुधाच्या किटल्या आल्या की उठून पुढं यायचा, म्हणून हे नाव पडलं. संस्थेच्या खऱ्या चेअरमननी एकदा हरकत घेतली होती. पण दोघांच्या कामात फरक काय, असं कुणीतरी सभेत विचारलं आणि विषय तिथंच मिटला.

२००३ साली आज्जीच्या पोटात कॅन्सर निघाला. मोठ्या डॉक्टरांनी फाईल मिटली आणि 'आता घरी न्या' म्हणाले. घर म्हणजे मलकापूरच्या पुढं पिराजीमामाचं. मामानं नेमकं त्याच महिन्यात स्लॅबचं काम काढलं होतं. मी कोल्हापुरात राजारामपुरीत एका डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिका करायचो आणि त्याच दुकानाच्या माळ्यावर झोपायचो. म्हणून सात म्हशी, चार पोरं आणि एक भजनी नवरा सांभाळलेल्या बायडाबाईला, म्हणजे माझ्या आज्जीला, सांभाळायला 'सांजसावली' नावाची संस्था शोधावी लागली. तिथं माणसाला बरं करत नाहीत. त्याचं दुखणं कमी करतात आणि शेवटपर्यंत सोबत करतात.

संस्थेचे अध्यक्ष हंबीरराव. त्यांच्या पत्नी संयोगितावहिनी बहिणीकडं बेंगळुरूला गेल्या होत्या, तिथल्या एका दवाखान्यात शिकवून तयार केलेली कुत्री रुग्णांना भेटायला येताना त्यांनी बघितली. रुग्ण कुत्र्याला कुरवाळतो, त्याचं ब्लडप्रेशर उतरतं, चेहऱ्यावर हसू येतं, फोटो निघतो. वहिनींच्या घरी ड्यूक नावाचा लॅब्राडोर आणि स्वीटी नावाची पॉमेरियन रिकामीच बसून होती. पुढच्या गुरुवारी 'श्वान-सहवास उपक्रम' सुरू झाला.

पहिल्या दिवशी मी तिथंच होतो. ड्यूकला आज्जीच्या खाटेशी आणून बसवलं. आज्जीनं त्याला शेंडीपासून शेपटीपर्यंत बघितलं.

"येवढं रेड्याएवढं कुत्रं, आन भुकत न्हाय? काय आजार हाय ह्येला?"

"आजार नाही हो आजी," वहिनी म्हणाल्या, "ट्रेनिंग आहे. तो नुसता शांत बसतो."

पलीकडच्या खाटेवर केरबाआण्णा होते. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले, फुप्फुसं गेलेली. त्यांनी ऑक्सिजनची नळी बाजूला सारून विचारलं, "बाईसाहेब, नुसतं बसायचंच आसंल तर आमी बसलोयच की हितं. ह्येला आनखी कशाला आणलासा?"

वहिनींनी त्यांच्या हातात स्वीटी दिली. आण्णांनी ती वजन केल्यासारखी उचलली आणि परत दिली.

त्या दिवसापासून आज्जीचा एकच धोशा. माझा चेअरमन आणा. तो एकदा भुकला की मलकापूरच्या स्टँडवर झोपलेली माणसं उठून बसतात, वगैरे. मग तिनं जेवण सोडलं. ठरवून सोडलं नव्हतं, जातच नव्हतं. सिस्टर महादेवी गडहिंग्लजकडच्या. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अव्वांच्या पोटात दोन दिवस पाण्याशिवाय काय न्हाय. ते कुत्रं आणायचं आसलं तर लवकर आणा. पुढच्या महिन्यात आणून उपयोग न्हाय."

मी हंबीररावांना भेटलो.

"आणा की," ते म्हणाले. "आमचं काहीच म्हणणं नाही. फक्त प्रमाणित श्वान पाहिजे."

"साहेब, तिचंच कुत्रं आहे. तिच्या ताटात जेवलेलं."

"तेच तर. उद्या प्रत्येक जण आपापलं जनावर आणेल. केरबांनी एसटी आणली तर?"

त्यांनी मला अर्ज दिला. तो मुळात आयाबायांच्या भरतीचा होता, वर 'श्वान' अशी चिठ्ठी चिकटवली होती. त्यामुळं शिक्षण, वडिलांचं नाव, पूर्वीच्या नोकरीचा अनुभव आणि नोकरी सोडण्याचं कारण असे सगळे रकाने होते. पूर्वीचा अनुभव मी 'दूध संस्था, नऊ वर्षं' असा लिहिला. जातीच्या रकान्यात 'गावठी' लिहिलं तर वहिनी म्हणाल्या, "गावठी ही काय ब्रीड नव्हे. ब्रीडशिवाय इन्शुरन्स होत नाही." मी दुकानात जाऊन अर्ज नवीन टाईप केला आणि 'शाहूवाडी हाउंड' असं लिहिलं. वहिनींनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "हां, ही ऐकलीय मी. फार दुर्मिळ आहे."

राहता राहिला वर्तणुकीचा दाखला. तो गावच्या पोलीस पाटलांचा लागणार होता. पोलीस पाटलांना चेअरमन १९९९ साली पोटरीला चावला होता, म्हणून मी जरा बिचकतच गेलो. पण माणूस न्यायी निघाला. त्यांनी लिहून दिलं, 'सदर कुत्रा माझ्या चांगल्या परिचयाचा असून त्याच्यावर कोणताही गुन्हा दाखल नाही. सन १९९९ नंतर त्याच्या वागणुकीत समाधानकारक सुधारणा आहे.' खाली गोल शिक्का.

दाखला आणि कुत्रा असं दोन्ही घेऊन मी दुधाच्या टेम्पोतून कोल्हापूरला आलो. मामा टेम्पोपर्यंत सोडायला आला होता.

"मामा, चल की बघायला. आज्जी आठवण काढती."

"येतो की. स्लॅब भरला की येतोच." मग चेअरमनकडं बघून म्हणाला, "ह्यो जातोय न्हवं सध्या?"

प्रमाणपत्रासाठीची परीक्षा सांजसावलीच्या पोर्चमध्ये झाली. परीक्षक म्हणून जनावरांचे डॉक्टर शशिधर आले होते. चेअरमन वाटेत दोनदा ओकला होता, त्यामुळं त्याच्या अंगात विलक्षण शिस्त आली होती. शांत बसण्याच्या परीक्षेत तो आडवाच झाला. कानाजवळ स्टीलची बादली आपटली, त्यानं एक डोळा उघडून बादली बघितली आणि मिटला. तोंडापुढं ग्लुकोज बिस्कीट धरलं, तर बिस्किटानं त्याला पुन्हा मळमळलं आणि त्यानं मान फिरवली.

"अद्भुत संयम," डॉक्टर शशिधर म्हणाले आणि शंभरात ब्याण्णव दिले. ड्यूकला अठ्ठ्याऐंशी होते. वहिनींनी पेपर पुन्हा तपासायला लावला. डॉक्टरांनी तो पुन्हा तपासून त्र्याण्णव केले.

मी दोरी धरून वॉर्डकडं निघालो, तर हंबीररावांनी हात आडवा घातला.

"असं नव्हे, राजवीर. प्रमाणपत्र वितरण व्हायला पाहिजे. कार्यक्रम घेऊ. पाहुणे बोलवू."

"कधी?"

"माजी आमदारसाहेबांची तारीख मिळाली की."

तारीख मिळायला अकरा दिवस लागले. चेअरमन माझ्यासोबत दुकानाच्या माळ्यावर राहिला. आज्जी त्या अकरा दिवसांत खाटेत निम्मी झाली. मी रोज सांगायचो, आज्जी, पास झालाय, येणार आहे. ती म्हणायची, "पास हुन काय मास्तर हुनार हाय व्हय त्यो? आण त्येला." नंतर नंतर एवढंही म्हणेना. नुसती दाराकडं बघायची.

कार्यक्रम गुरुवारी चार वाजता हॉलमध्ये होता. भेटीची वेळ, माणसांची आणि कुत्र्यांचीही, चार ते पाच. जे रुग्ण हलवता येत होते त्यांना चाकाच्या खुर्च्यांत घालून प्रेक्षक म्हणून आणून बसवलं होतं. आज्जी हलवता येत नव्हती, ती भिंतीपलीकडं वॉर्डातच. ड्यूकला फेटा बांधला, स्वीटीला शाल घातली, चेअरमनला फेटा, शाल आणि श्रीफळ तिन्ही, कारण त्याचे मार्क जास्त होते. मग त्याला पोडियमच्या दांड्याला बांधलं आणि भाषणं सुरू झाली. माजी आमदार साडेचारपर्यंत उसावर बोलले. नंतर हंबीरराव मुक्या जनावरांच्या मायेवर बोलायला उभे राहिले. पाचला दहा कमी होते. सिस्टर महादेवींनी दारातून मला घड्याळ दाखवलं. मी स्टेजकडं चिठ्ठी पाठवली. हंबीररावांनी ती उघडून वाचली आणि "सूचनेबद्दल आभारी आहे" म्हणून पुढं चालू ठेवलं.

तेवढ्यात भिंतीपलीकडनं आज्जीला खोकल्याची उबळ आली.

चेअरमननं डोळे उघडले. तो उठला. त्याच्याबरोबर पोडियमही निघालं. हंबीरराव मुरलेले वक्ते, ते पोडियमबरोबर चार पावलं चालले, पण वाक्य सोडलं नाही. पाचव्या पावलाला पोडियम आडवं झालं, दोरी सुटली आणि फेटा बांधलेला चेअरमन चाकाच्या खुर्च्यांमधून, गळ्यातली शाल ओढत, वॉर्डात शिरला. आम्ही मागं पोचेपर्यंत तो खाटेवर चढून असा भुकत होता की काचा थरथरत होत्या. ड्यूक घाबरून माजी आमदारांच्या खुर्चीखाली गेला.

"आलास व्हय मुडद्या," आज्जी म्हणाली.

तिनं मिठी मारली नाही, की रडली नाही. तिनं त्याच्या फासळ्यांवरनं हात फिरवला आणि कानाच्या मागं चाचपून बघितलं.

"राज्या, गोचीड झाल्यात ह्येला. कोण बघत न्हाय व्हय गावाकडं? आन डोसक्याला ह्ये काय बांधलंयसा? लगीन लावताय का काय?"

मागनं खुर्चीतून आलेले केरबाआण्णा धापा टाकत म्हणाले, "आता आलं बघा कुत्रं!"

सिस्टरनी दुधात कुस्करलेली भाकरी आणली. आज्जीनं चार घास खाल्ले. मधले चार चेअरमनला दिले, त्याच वाटीतून.

दुसऱ्या दिवशी नोटीस आली. नोटीस चेअरमनच्या नावानं होती. 'आपण दिनांक अमुक रोजी (१) पोडियम पाडले, (२) रुग्णाच्या खाटेवर चढलात, (३) मोठ्याने भुंकलात, (४) रुग्णाचे अन्न खाल्ले. तरी आपले प्रमाणपत्र रद्द का करू नये, याचा लेखी खुलासा सात दिवसांत करावा.'

मी नोटीस घेऊन हंबीररावांसमोर उभा राहिलो.

"साहेब, निकाल लागेपर्यंत प्रमाणपत्र चालू की बंद?"

ते 'बंद' म्हणणार, तेवढ्यात त्यांना स्वतःची चौकशी आठवली. त्यांच्या पतसंस्थेची सहा वर्षं चौकशी चालू होती आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत पदावर राहण्याचा मला हक्क आहे, असं त्यांनी प्रत्येक सभेत छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. खोलीत संस्थेचे आणखी तीन विश्वस्त बसले होते. तिघांनीही एकदम छताकडं बघितलं.

"चालू," हंबीरराव म्हणाले.

मग मी कामाला लागलो. सातव्या दिवशी मुदतवाढीचा अर्ज दिला, कारण आरोपीला लिहिता येत नव्हतं. पुढच्या सुनावणीला पोडियम मुळात डुगडुगत होतं का, याची पाहणी मागितली. त्याच्या पुढच्या वेळी डॉक्टर शशिधर हुबळीला लग्नाला गेले. दरम्यान चेअरमन रोज चार वाजता वॉर्डात जात होता, गळ्यात भेटीचं कार्ड असायचं, रजिस्टरला त्याच्या पंजाचा ठसा उमटत होता, आणि आज्जी अर्धी वाटी का होईना खात होती. दुखणं कमी झालं नव्हतं. पण चारची वाट बघायला तिला काहीतरी होतं, आणि पाचनंतर शिव्या द्यायला विषय होता.

एक दिवस पिराजीमामा आला. चेअरमनचा फेट्यातला फोटो पेपरात आला होता, ते कात्रण खिशात घालून. तो दुपारी दोनला आला. सिस्टर महादेवींनी फाटकातच अडवला.

"वेळ चार ते पाच. कार्ड कुठाय तुमचं?"

"मी पोरगा हाय त्यांचा!"

"मी कदी बघितलं न्हाय. कुत्र्याला ओळखते, त्याचं कार्ड हाय."

मामा दोन तास पायरीवर बसला. चारला मी चेअरमनला घेऊन आलो, तेव्हा त्याला आमच्या मागनं आत सोडलं. रजिस्टरमध्ये नोंद झाली, 'चेअरमन, सोबत दोन इसम.'

आज्जीनं मामाकडं बराच वेळ बघितलं.

"भरला का स्लॅब?"

"भरला की आये."

"मग पाणी मार त्येला दोन टाईम. न्हायतर चिरा पडत्यात." आणि तिनं तोंड चेअरमनकडं फिरवलं. मामा उठून व्हरांड्यात गेला. पाच वाजले तरी आत आला नाही.

आज्जी कार्यक्रमानंतर सव्विसाव्या दिवशी गेली, मंगळवारी, साडेचारला. चेअरमन खाटेखाली झोपला होता. तो रडला नाही, त्यानं आभाळाकडं तोंड करून गळाही काढला नाही. पाच वाजता सिस्टरनी उठवला तेव्हा उठला, खाटेवर पुढचे पाय टेकून बघितलं आणि माझ्यामागनं चालू लागला.

सुनावणी शुक्रवारी होती. मी प्रमाणपत्र परत करायचं म्हणूनच गेलो होतो. हंबीररावांनीही फाईल बांधून ठेवली होती.

"आता रुग्णच राहिल्या नाहीत," ते हळू आवाजात म्हणाले. "तर वाद निकाली काढू."

"निकाली कसा काढतायसा?" दारातून आवाज आला. सिस्टरनी केरबाआण्णांना खुर्चीत घालून आणलं होतं, मागं ऑक्सिजनचा सिलिंडर. "मी साक्षीदार हाय. माझी साक्ष व्हायची हाय अजून."

"बरं. द्या साक्ष."

"आज न्हाय. आज दम लागलाय." चेअरमन जाऊन त्यांच्या खुर्चीच्या चाकाशी पडला. आण्णांनी खाली हात सोडला, तो त्याच्या डोक्यापर्यंत पोचेना, तर चेअरमननं डोकं थोडं वर केलं. "तवर ह्येचं कार्ड चालू ठेवायचं. तारीख द्या."

हंबीररावांनी डायरी उघडली. "पंधरा तारीख चालेल? आठ दिवस आहेत."

डॉक्टरांनी आण्णांना आठ-दहा दिवस सांगितले होते. खोलीतल्या सगळ्यांना ते माहीत होतं, आण्णांना तर सगळ्यांच्या आधी.

"आठ दिवसांत कुठली तयारी हुतीय, साहेब?" आण्णा म्हणाले. "वाईच लांबची द्या की."

हंबीररावांनी पान उलटलं. मग आणखी एक उलटलं. मग पेनाचं टोपण काढून पुढच्या महिन्याच्या अखेरची तारीख लिहिली, आणि डायरी आण्णांना दिसेल अशी फिरवून धरली.