गाडीतला गोडसर वास

टाकीचं झाकण काळ्या पट्टीला लोंबकळत होतं, आणि त्याच्या आतल्या रबरी कडीवर एक थेंब थरथरत होता — पडतही नव्हता, सुकतही नव्हता. ती गाडीला टेकून त्याच्याकडे बघत उभी राहिली. आधी पेट्रोलचा वास आला, नेहमीचा, नाकात चढणारा. आणि मग त्याच्या पाठीमागे लपून आल्यासारखा दुसरा… गोडसर.

"यात हल्ली काय घालता हो?" तिने पंपावरच्या माणसाला विचारलं.

"आम्ही कुठे काय घालतो! वरूनच मिसळून येतं. इथेनॉल. आता सगळीकडे हेच."

हे तिला माहीत होतं. इथेनॉल म्हणजे शेवटी दारूच, हेही. पण ते टाकीत असतं, टाकी मागे असते, झाकण घट्ट असतं; मग गेले कितीतरी दिवस हा वास गाडीच्या आत, पुढच्या सीटवर, नेमका डाव्या बाजूला कसा येतो? डाव्या सीटवर नवरा बसतो. सकाळी ती त्याला ऑफिसच्या दाराशी सोडते, संध्याकाळी तिथूनच उचलते. पिणं सोडलं तेव्हा त्याने आपणहून गाडीची किल्ली तिच्या हातात दिली होती, आणि नंतर कधी मागितली नाही. तो गुडघे जुळवून बसतो, पट्टा लावतो, समोर बघतो. त्याने सोडलीय. सोडलीच आहे… तरी कालच ती त्याच्या बॅगेची खालची शिवण चाचपत होती, आणि सापडलं काहीच नाही म्हणून जास्तच घाबरली होती.

गाडी सुरू झाली, पण मनापासून नाही. चौकात थांबल्यावर इंजिन एकदा अडखळलं, सावरलं, पुन्हा अडखळलं — ही लय तिच्या ओळखीची होती. नवरा पिऊन यायचा तेव्हा जिन्यावरची त्याची पावलं अशीच यायची. एक पायरी, मग भिंतीला हात, मग उगीचच दोन पायऱ्या घाईघाईने, शुद्धीत असल्याचं दाखवायला. स्वयंपाकघरात उभं राहून ती ऐकायची आणि दार उघडायच्या आधीच तिला सगळं कळलेलं असायचं. कान तयार झाले ते तिथेच. दवाखान्यात सगळे म्हणतात, बाईंचे कान फार तिखट.

ती लोकांचं ऐकू येणं तपासते. काचेपलीकडच्या बंद खोलीत माणूस कानाला हेडफोन लावून बसतो, ती इकडून बारीक बारीक आवाज सोडते, ऐकू आला की त्याने बोट वर करायचं. आज एक आजोबा होते, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट घातलेले. बराच वेळ शहाण्यासारखं बोट वर-खाली करत होते. मग तिने हात मशीनवरून काढला, पाणी प्यायली, आणि बघते तर काचेपलीकडे बोट वर.

तिने दार उघडलं. "आजोबा, आत्ता मी आवाज दिलाच नव्हता."

"दिला होतास की, बाई. अगदी बारीक होता. लांबून आल्यासारखा."

असं पुष्कळांचं होतं. चुकायची भीती असली की शांततेतसुद्धा काहीतरी वाजायला लागतं. तिने नेहमीच्या सवयीने त्यांना समजावलं. पण दार लावताना तिला वाटलं, आपणही एका बंद खोलीत बसलोय आणि सारखं बोट वर करतोय. आवाज कोण सोडतंय, की कुणीच नाही…

दुपारी परतताना गाडी बंदच पडली. गॅरेज जवळच होतं, लोटत नेता आली. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, वाकून आत हात घातला, आणि तोच वास भपकन बाहेर आला. त्याने बोटभर लांबीची एक काळी नळी काढून तिच्यापुढे वाकवली. नळी मऊ, फुगलेली, आणि वाकवल्यावर तिच्या अंगावर बारीक भेगा उघडल्या.

"ही बघा, ताई. जुनं रबर आहे, त्याला ही दारू सोसत नाही. इथून पाझरतं आणि पंख्याच्या हवेबरोबर थेट आत येतं. कुठे पेट घेतला नाही हे नशीब."

"म्हणजे गाडीच पीत होती?"

"पाजतात, तर काय करेल बिचारी!" तो खो खो हसला. तीही हसली, जरा जास्तच, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. बॅगेची शिवण आठवली. मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तरीही हलकं, फार हलकं. नवी नळी बसली. इंजिन एकसारखं चालू लागलं.

संध्याकाळी तो आला, बसला, पट्टा ओढला आणि मध्येच थांबला. नाकाने हळूच हवा घेतली.

"गेला," तो म्हणाला.

"काय गेलं?"

"वास."

तिचा हात गियरवरच राहिला. "तुला येत होता?"

"रोज." तो समोर बघूनच बोलत होता. "मला वाटायचं, माझ्याच अंगातून येतोय. ऑफिसात चहाचा कप पुन्हा पुन्हा हुंगायचो. एकदा तर वाटलं, मी घेतलीय आणि मला आठवत नाहीये. रुमाल धुतला, शर्ट बदलला, तरी गाडीत बसलं की होताच."

"बोलला का नाहीस?"

"कोणाला? तुला?"

तिने नळीचं सांगितलं. तो हसला, आणि अर्धवट ओढलेला पट्टा त्याने खटकन लावला.

"वास होता तेव्हा एका परीने बरं होतं," तो म्हणाला. "दारू कुठे आहे ते कळायचं तरी."

गाडी निघाली. बाहेर गारठा होता, काचा वर होत्या. इंजिनचा आवाज इतका सरळ, की कानाला धरायला काही नव्हतं. कसलाच वास नव्हता. इतक्या वर्षांत मी ह्याला वासावरूनच ओळखत आले — असला की हा, नसला की अजून यायचाय असा हा. आणि आता शेजारी कोण बसलंय? गुडघे जुळवलेला, धुतलेला, कुणीतरी शांत माणूस, जो माझ्याइतकाच जपून श्वास घेतोय…

समोरच्या काचेवर वाफ धरू लागली, दोन्ही बाजूंनी मधोमध सरकत. कुठली कोणाची, कळायला मार्ग नव्हता. पंखा लावायला हवा होता. तिने लावला नाही. उरलेल्या स्वच्छ तुकड्यातून रस्त्याकडे बघत ती गाडी चालवत राहिली, आणि तिच्या लक्षात आलं, आपल्याला भीती वाटतेय, पण ह्याची नाही. 'तूही का बोलली नाहीस' असं ह्याने आता विचारलं तर काय सांगायचं, त्याची.