तळ्यावरची हिरवी साय

फहमिदा पडेगावला राहायची आणि शहरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायची. दूध ती कडूबाकडून आणायची. दौलताबाद रस्त्यापासून थोडं आत त्याचं शेत होतं, दहा-पंधरा शेळ्या होत्या आणि प्लास्टिक अंथरलेलं शेततळं होतं. त्या उन्हाळ्यात आजूबाजूच्या विहिरी आटल्या, तेव्हा तेवढंच पाणी उरलं.

एप्रिलमध्ये तळ्यावर हिरवी साय धरली. रंगाचा डबा सांडल्यासारखी दाट. शेळ्या तोंड लावेनात. द्वारकाबाई, कडूबाची बायको, त्यांना टँकरच्या पाण्यावर जगवत होती. एका सकाळी काठाला बगळे मरून पडलेले फहमिदाला दिसले. तिनं बाटलीत पाणी भरून घेतलं आणि कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. मण्यांच्या माळांसारख्या पेशी दिसत होत्या. एकाही मण्यात केंद्रक नव्हतं.

संध्याकाळी तिनं कडूबाला सांगितलं, की हे शेवाळ नाही.

"हिरवं हाय, उन्हावर वाढतंय," कडूबा म्हणाला. "मंग झाडपाल्यातलं नाय तर कशातलं?"

"आधी पुस्तकंही तेच म्हणायची, मामा. नंतर कळलं, याच्या पेशीत केंद्रक नाही. अमिबाही एकाच पेशीचा, पण त्याला केंद्रक असतं, म्हणून तो वेगळ्या सृष्टीत. हे जिवाणूंच्या सृष्टीतलं, मोनेरातलं. अन्न झाडासारखं करतं, पण जात जिवाणूची. यातले काही विष करतात."

तिनं त्याला बजावलं की पाण्याला हात लावू नका, तारेचं कुंपण घाला, मी विद्यापीठात विचारते. कडूबानं मान हलवली. त्याच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट राहिली: जिवाणू म्हणजे मारायचा. डाळिंबावर फवारायला आणलेलं मोरचूद घरात होतंच.

पुढं टँकर आलाच नाही. पिंपात साठवलेल्या पाण्यावर घर आणि शेळ्या कसेबसे दिवस काढत होते.

चार-पाच दिवसांनी त्यानं स्वतःच फहमिदाला बोलावून नेलं. तळं स्वच्छ झालं होतं, तळाचं काळं प्लास्टिक दिसत होतं. खूप दिवसांनी तो हसला. मोरचूद टाकलं, तिसऱ्या दिवशी समदं साफ, असं त्यानं सांगितलं. शेळ्या दुपारी पोटभर प्याल्या होत्या.

फहमिदानं पाण्याकडं पाहिलं. विष त्या पेशींच्या आत होतं. मोरचुदानं पेशी फुटल्या आणि विष पाण्यात उतरलं. आता ते दिसतही नव्हतं.

"मावशी कुठंय?" तिनं विचारलं.

द्वारकाबाई चुलीपुढं होती. टँकर नाही म्हणून कालपासून ती तळ्याचंच पाणी पीत होती; पिंपातलं उरलंसुरलं तिनं कडूबासाठी ठेवलं होतं.

"उकळून घेतलं ना बाई," ती म्हणाली. "चांगलं खळखळून."

"जंतू मेले असतील, मावशी. विष उकळून जात नाही."

द्वारकाबाईनं हातातला पेला खाली ठेवला. रात्रीपासून पोट दुखतंय, हे तिनं नवऱ्याला सांगितलं नव्हतं.

शेळ्या अंधार पडायच्या आत बसल्या आणि परत उठल्या नाहीत. गुरांचा डॉक्टर आला तेव्हा दोनच जिवंत होत्या, पहाटेपर्यंत त्याही गेल्या. द्वारकाबाईला घाटीच्या सरकारी दवाखान्यात भरती केलं. डोळे पिवळे पडले होते. पंधरवडाभर ती पडून होती. कडूबा खाटेच्या पायथ्याशी बसून असायचा. फहमिदा डबा घेऊन जायची. कुंपण आपणच उभं राहून घालून घ्यायला हवं होतं, हे तिच्या मनातून जात नव्हतं.

द्वारकाबाई वाचली. मात्र अन्न पचेना आणि चार पावलांत दम लागायचा.

तळं उपसावं तर पाणी उताराच्या नाल्यात जाणार आणि नाल्यालगत लोकांच्या विहिरी. म्हणून ते उन्हानं आटू द्यायचं ठरलं. कडूबानं बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं आणि दिवसभर तिथं राखणीला बसू लागला. एका दुपारी मेंढरांचा मोठा कळप आला, मागं एक म्हातारा धनगर. कडूबा काठी आडवी धरून उभा राहिला. पाण्यात विष आहे, असं त्यानं परोपरीनं सांगितलं. धनगरानं काट्यांवरून वाकून पाहिलं.

"आरशावानी पाणी हाय," तो म्हणाला. "नाय द्यायचं तर नाय म्हण."

मेंढरांना पाण्याचा वास लागला होता. ती कुंपणाला अंग घासत पुढं रेटू लागली.