माझं ऑइल कुठं जातं

मी पेडगावच्या दत्तरावांची डिझेलची गाडी. इतकी वर्षं गप होते. गाडीनं आवाज करावा, धूर सोडावा, मधे तोंड घालू नये, असा माणसांचा समज आहे. पण माझ्यापायी एका माणसाला गावानं चोर म्हटलं, आणि चोरीचा माल म्हणे माझंच ऑइल. तेव्हा खरं काय ते मीच सांगितलेलं बरं.

माझा जन्म कारखान्यात झाला, त्याचं मला फारसं आठवत नाही. ठोकाठोक आठवते. ऐंशी साली मानवतच्या व्यंकटरावांनी मला नवीकोरी घेतली. त्यांचा कापसाचा व्यापार. त्यांनी पाच वर्षं मला गाडी म्हणून कमी आणि गोदाम म्हणून जास्त वापरलं. डिकीत कापसाचे नमुने, सीटखाली सरकीची पोती. पाहुणे माझ्यात बसले की उतरताना त्यांच्या केसांत कापूस असायचा आणि ते म्हातारे दिसायचे. मग व्यंकटरावांच्या मुलांना जीप हवी झाली आणि त्यांनी मला पेडगावच्या दत्तरावांना देऊन टाकलं.

दत्तराव मोठे शेतकरी, स्वभावानं थंड. घरात त्यांचं बोलणं एका शब्दात संपायचं: "बरं." बाकीचं सगळं बोलणं त्यांच्या बायकोकडे, कोंडाबाईकडे. कोंडाबाईच्या घरात पाण्याच्या घागरीवर झाकण, दुधावर झाकण, पिठावर झाकण. तेलाच्या डब्यांना तर तिचं खास बूच असायचं. दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचा तुकडा, त्याला चिंधी गुंडाळायची, वरून सुतळीचे चार फेरे, आणि बत्त्यानं ठोकून घट्ट बसवायचं. आमच्याकडचा फुफाटा कुठून आत शिरेल सांगता येत नाही. पण तिचा डबा उघडायला घरातला गडीमाणूस लागायचा.

मला चालवायला उमाजी होता. धनगराचा पोरगा, आधी ट्रकवर क्लीनर, मग ड्रायव्हर. घरी बायको सरजाबाई आणि तिच्या वीस-बावीस शेळ्या. उमाजी रोज सकाळी माझं बॉनेट उघडायचा, ऑइल मोजायची पट्टी काढून पुसायचा, परत घालायचा, परत काढून उजेडात धरायचा. मगच चावी लावायचा. मला शिव्या देत नसे. गाडीला शिव्या न देणारा ड्रायव्हर मी तरी दुसरा पाहिला नाही.

आता दसऱ्याचं सांगते. शहाऐंशी साल. मला धुतलं, हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. पूजेला कोंडाबाईनं बॉनेट उघडायला लावलं, कारण तिचं म्हणणं, देव काय पत्र्यात असतो का, तो इंजिनात असतो. इंजिन चालूच होतं. उमाजी नारळ आणायला आत गेला आणि तेवढ्यात कोंडाबाईला माझी नळी दिसली.

ही नळी माझ्या इंजिनाच्या कुशीतून निघते आणि खाली तोंड करून लोंबते. इंजिनाच्या पोटात वारा साठतो, तो तिथून बाहेर पडतो. थोडी वाफ, एखादा थेंब. मिस्त्री लोक तिला ब्रीदर म्हणतात. माझा श्वासच म्हणा ना.

कोंडाबाईनं वाकून पाहिलं. तोंड उघडं, आत तेल, आणि समोर सगळा फुफाट्याचा रस्ता. तिला ते सहन झालं नाही. उमाजी आला तसं त्याला इंजिन बंद करायला लावलं, आणि माणसं नारळ-प्रसादात गुंतली तशी घरातून कणसाचा तुकडा आणला, चिंधी गुंडाळली, सुतळी आवळली आणि बत्त्यानं ठोकून बसवलं. मग हात धुऊन सोनं वाटायला गेली. कुणाला सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. डब्याला बूच लावलं हे काय कुणी गावात सांगत फिरतं?

आठ दिवसांत मी गळायला लागले.

पहिला डाग कोंडाबाईच्या सारवलेल्या अंगणात पडला. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी तिथे मुद्दाम बसले होते. मग दुसरा, तिसरा. तिनं माझ्याखाली जुनं घमेलं सरकवलं. उमाजीनं सगळे नट आवळले, तरी गळतच राहिलं. येणारा-जाणारा थांबून सल्ला द्यायचा. माणसाला गाडीतलं काही कळत नसलं की तो आधी टायरला लाथ मारतो आणि मग बोलतो. त्या महिन्यात मी टायरवर जेवढ्या लाथा खाल्ल्या तेवढ्या खड्ड्यांनीही मला मारल्या नसतील.

मानवतहून सिताराम मिस्त्रीला आणलं. त्यानं मला डिझेलनं धुऊन काढलं. मग म्हणाला, कोरडी पांढरी भुकटी द्या, इंजिनावर टाकतो, जिथं पहिलं ओलं दिसेल तिथून गळतंय. त्यानं ज्वारीचं पीठ मागितलं. कोंडाबाई म्हणाली की माणसांना पुरत नाही तिथं गाडीला पीठ कसलं, आणि रांगोळीचा डबा दिला. मग मी रांगोळी लावून उभी राहिले. इंजिन चालू केलं. सगळे वाकले.

ओलं एका जागी दिसलं असतं तर प्रश्न मिटला असता. ते वर दिसलं, खाली दिसलं, पुढे दिसलं, मागे दिसलं. पोटातल्या वाऱ्याला दार मिळेना, म्हणून तो प्रत्येक सांध्यातून ऑइल ढकलत होता. मी आतून ओरडत होते, नळी बघा, नळी. त्यांना ऐकू आलं ते नुसतं इंजिन. सिताराम म्हणाला, "आवाज मात्र छान हाय."

त्यानं वरच्या झाकणाचं पॅकिंग बदललं. पुढच्या आठवड्यात खालच्या चेंबरचं. मग मागचं ऑइल शील, त्यासाठी इंजिन उतरवून दोन दिवस दोरखंडावर टांगलं. माझी आतडी बाहेर आणि गावची पोरं बघायला. हे सगळं नवं बसवलं आणि मी पुन्हा गळले. नव्या पॅकिंगमधून गळले. नळीकडे सिताराम एकदाही गेला नाही. तिच्यावर तेलाचा आणि मातीचा असा थर बसला होता की ती नळी आहे हेच ओळखू येत नव्हतं.

इथपर्यंत हसण्यासारखं होतं. पुढचं नाही.

मी उभी असताना थोडं गळायची आणि धावताना भडभडून गळायची, कारण धावताना वारा जास्त. म्हणजे माझं बहुतेक ऑइल परभणी-मानवतच्या रस्त्यावर जात होतं. कोंडाबाईला दिसायचं ते फक्त घमेल्यातलं. उमाजी आठवड्याला नवा डबा मागायचा आणि घमेल्यात सांडलेलं भरायचं वाटीभर. तिनं हिशेब लावला. दत्तरावांना म्हणाली, आजूबाजूला एवढी पाण्याची इंजिनं, सगळ्यांना ऑइल लागतं, हा विकतो. दत्तराव नेहमीप्रमाणे "बरं" म्हणाले. त्यांना वाटलं नुसतं ऐकायचं आहे.

पण कोंडाबाई घरात बोलून थांबणारी नव्हे. दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीवर बायकांची रांग लागलेली, समोर पारावर बाप्ये बसलेले. उमाजी मला घेऊन तिथंच उभा होता. कोंडाबाईनं सगळ्यांपुढं विचारलं, "उमाजी, वाटीभर सांडतंय अन् डबाभर जायलंय. बाकीचं कोन पितंय?"

गिरणी चालू होती तरी सगळ्यांनी ऐकलं. उमाजीचं तोंड उतरलं. तो म्हणाला, "मालकीणबाई, गाडी पिती."

"गाडी पिती अन् मानवतला जाऊन ओकती व्हय?"

लोक हसले. तिथंच त्याचं चोर म्हणून नाव झालं. संध्याकाळी त्यानं चावी आणून दत्तरावांपुढं ठेवली. "चावी ठेवतो मालक. पन चोर म्हनून न्हाई ठेवत." आणि निघून गेला. दत्तरावांना त्या दिवशी "बरं"सुद्धा म्हणता आलं नाही.

त्यानंतर तो घराबाहेर पडेना. गावात पोरं त्याला "ऑइलवाला" म्हणायला लागली. दुसऱ्या कुणाकडे चालवायला जावं तर बातमी आधीच पालमपर्यंत पोचलेली. एसटीतून बातमी माणसापेक्षा लवकर जाते. ड्रायव्हरचं नाव एकदा असं गेलं की त्याच्या हातात चावी कोण देणार? मी आठ दिवस अंगणात उभी. मला भंगारात द्यायचं ठरत होतं. त्याआधी शेवटचं एकदा बघायला म्हणून सितारामला बोलावलं होतं.

त्याच सकाळी सरजाबाई आली.

सरळ शेळ्यांतून आली होती, हातात हिरवा पाला तसाच. मी तिला दुरून ओळखायची. तिचं शिक्षण दुसरीपर्यंत आणि तोंड मात्र कोर्टापर्यंत पोचेल असं. अंगणात येऊन ती कोंडाबाईला म्हणाली, "मालकीणबाई, माझा मानूस आठ दिस झाले भाकर मोडतो अन् तशीच ठेवतो. त्यानं इकलं आसंल तर घेनाऱ्याचं नाव सांगा. मी त्याच्या दारात जाते."

कोंडाबाई म्हणाली, "नाव माहीत असतं तर मीच गेले असते."

"म्हंजे माहीत न्हाई. अन् बोललाव गिरनीवर."

दोघी एकमेकींना भारी होत्या. दत्तराव खांबाआड झाले. सितारामला भांडणात पडायचं नव्हतं, म्हणून त्यानं मला चालू केलं. वरचं ऑइल ओतायचं झाकण त्यानं फिरवून बसवलं नव्हतं, नुसतं तोंडावर ठेवलं होतं. ते झाकण थुडथुड उडायला लागलं, भाताच्या पातेल्यावर उडतं तसं.

सरजाबाई बोलता बोलता थांबली. माझ्याजवळ आली. झाकण उचललं. आतून गरम वाऱ्याचा झोत तिच्या तोंडावर आला, तिचा पदर हलला. तिनं तळहात धरून पाहिला. मग शेळीच्या कुशीला लावतात तसा माझ्या इंजिनाला हात लावला.

"ही गळत न्हाई," ती म्हणाली. "हिचं पोट फुगलंय."

सिताराम हसला. ती हसली नाही. "शेळीनं वला पाला लय खाल्ला की अशीच ताठ होती. हिचा वारा कुठून निघतो, मिस्त्री?"

सिताराम उत्तर द्यायला लाजला. समोर दोन बाया. मग त्याचं हसू हळूहळू थांबलं. त्यानं इंजिन बंद केलं, माझ्याखाली झोपला, मातीचा थर पान्यानं खरवडला, हातानं चाचपलं. मग पक्कड मागितली.

पहिल्या ओढीला हललं नाही. दुसऱ्या ओढीला थोडं हललं. तिसऱ्या ओढीला फाट्कन आवाज झाला आणि मी दोन महिन्यांचा श्वास सोडला. काळं तेल सितारामच्या तोंडावर आणि खांबाआडून वाकून बघणाऱ्या दत्तरावांच्या धोतरावर. मला त्याचं वाईट वाटलं नाही. एवढं सुख मला कारखान्यातून निघतानाही झालं नव्हतं.

सितारामच्या पकडीत मक्याच्या कणसाचा तुकडा होता. चिंधी, वर सुतळीचे चार फेरे.

सरजाबाईनं ते बूच पाहिलं. मग ओसरीवर करडीच्या तेलाचे तीन डबे होते, तिकडे पाहिलं. तिन्ही डब्यांवर तेच कणीस, तीच चिंधी, तेच चार फेरे.

कोंडाबाईला म्हणता आलं असतं की गड्यानं घातलं असेल. तिच्या शब्दापुढे गेलंच नसतं कुणी. पण मी तिला इथं मानलं. ती म्हणाली, "मीच ठोकलं. दसऱ्याला. तेलाचं भांडं, उघडं तोंड. मला काय ठाऊक हिला वारा लागतो."

"कामून न्हाई इचारलं?" सरजाबाईनं विचारलं. कोंडाबाई म्हणाली की उमाजीला बोलाव, चावी इथंच आहे. सरजाबाई जागची हलली नाही.

"चावीचं न्हाई म्हनत मी. चारचौघांत घातलं ते चारचौघांतच काढा. त्याबगर तो यायचा न्हाई, अन् आला तर मी येऊ द्यायची न्हाई."

कोंडाबाईनं एका डब्यावरचं बूच दाबून पाहिलं. मग म्हणाली, "जाते. पन पायी न्हाई. उमाजीनंच न्यायचं."

उमाजी आला. त्यानं आधी पट्टी काढून पुसली, उजेडात धरली. मग चावी लावली. कोंडाबाई आजवर माझ्यात नेहमी मागं बसायची. त्या दिवशी पुढं, उमाजीशेजारी बसली. गिरणीपाशी रांग होतीच, पारावर बाप्ये होतेच. तिनं उमाजीला हॉर्न वाजवायला लावला. गिरणीवाल्याला हातानं खूण करून पट्टा थांबवायला लावला. गिरणी थांबली तशी गावात इतकी शांतता झाली की पीठ खाली बसताना दिसत होतं.

ती खिडकीतून म्हणाली, "ऐका. गाडीच्या नळीत बूच मी ठोकलं होतं, म्हनून ती गळत होती. उमाजीनं थेंबभर ऑइल इकलं न्हाई. मी त्याला नाहक चोर म्हनले. आता ज्याला हसायचंय त्यानं हसून घ्या, मला परभनीला जायचंय."

लोक पोट धरून हसले. बायांनी पदर तोंडाला लावले. कोंडाबाई समोर बघत बसली, कान लाल. हसणं ओसरेपर्यंत तिनं उमाजीला निघू दिलं नाही. सगळं संपलं तेव्हा म्हणाली, "चल बाबा आता." उमाजीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्यानं गिअर नीट टाकला. मी त्या रस्त्यावर इतकी हलकी कधीच धावले नव्हते.

त्याला आता सात वर्षं झाली. ब्याण्णव साल गेलं, त्र्याण्णव चालू आहे. माझा रंग जागोजागी उडाला आहे, एक दार आतून उघडत नाही, पाऊस आला की मागच्या सीटवर ठिपकतो. थोडंसं ऑइल आता मी खरोखरच वयामुळे गाळते, आणि त्याबद्दल कुणी कुणाला काही म्हणत नाही. नवे लोक मला पाहून म्हणतात, हिला कशाला ठेवलंय. म्हणू द्या.

तुमच्यापाशी मागणं एवढंच. मला तेल घाला, पाणी घाला, हार घाला, रांगोळी टाकलीत तरी माझी हरकत नाही. पण मला श्वास घेऊ द्या. आणि माझं काही कमी पडलं तर आधी खाली वाका, हात काळे करा. माणसाच्या तोंडाकडे नंतर बघा.

बॉनेट उघडलं कुणीतरी. उमाजीच असणार, पट्टी पुसायलाय. आज मानवतचा बाजार आहे, कोंडाबाई आणि सरजाबाई दोघी येणार आहेत, आणि पुढं कोण बसणार यावर अंगणातच सुरू झालंय. मी आपली तयार आहे. येते.