नाव स्टार, मुक्काम सोहार

मी एक फाइल बोलतेय. नाव विचाराल तर नुसतं *. वाचायचं ‘स्टार’. हसू नका, ह्याच नावानं मी एकाचा माज उतरवलाय.

जन्म २०१५ चा, ओमानमधल्या सोहारच्या एका अ‍ॅल्युमिनियम कारखान्याच्या सर्व्हरवर. मला घडवलं रत्नागिरीच्या सिराजनं. ड्यूटी संपलेली, खाबुऱ्याला खोलीवर नेणारी बस हॉर्न मारतेय, त्या घाईत त्यानं नावाच्या जागी भलतंच बटण दाबलं आणि पळाला. पण माझ्या पोटात नीट लिहिलं होतं : ‘तीन नंबरची भट्टी फार तापतेय. गजेंद्रसाहेबांना सांगितलं. चालू ठेव म्हणाले.’

दोन दिवसांनी भट्टी फुटली. माणसं वाचली, नशीब! सुपरवायझर गजेंद्र बेधडक म्हणाला, "सिराज मला एका शब्दानं बोलला नाही." झालं, सिराजचा व्हिसा रद्द करायचं ठरलं. रविवारच्या चौकशीत फक्त शिक्का बसायचा होता.

"साहेब, अल्लाची शपथ, मी लिहून ठेवलंय हो," सिराज कळवळून सांगायचा. कुठल्या नावानं, ते त्यालाच ठाऊक नव्हतं. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

गुरुवारी दुपारी मी गजेंद्रला सापडले. त्याला शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीसाठी मस्कतजवळ माबेलाला घरी पळायचं होतं. मला वाचून त्याचा चेहराच उतरला. "खलास करतो हिला," म्हणत त्यानं पुसायचा हुकूम टाइप केला आणि पुढं माझं नाव. अरे शहाण्या! सर्व्हरच्या लेखी स्टार म्हणजे ‘इथल्या सगळ्या फाइली’. मशीन बिचारं एकेकीचं नाव घेऊन विचारू लागलं, पुसू का? हा वैतागला. न वाचताच, ‘विचारू नको, पूस’ असा हुकूम देऊन गाडीत जाऊन बसला.

मी गेले. जाताना कारखान्याच्या सगळ्या नोंदी सोबत नेल्या.

रविवारी एकच बोंबाबोंब. मॅनेजर हसन यांनी बुधवारी सगळ्या फाइलींची नक्कल उतरवलेल्या टेपवरून सगळं परत आणायला लावलं. यादीत सगळ्यात वर कोण? मी! अक्षरांच्या आधी चिन्हांचा नंबर लागतो ना.

"गजेंद्र, ये स्टार क्या है?" असं म्हणत हसननी मला उघडलं. तारीख, वेळ, सगळं शाबूत होतं. एसीत बसून गजेंद्रला घाम फुटला. काय गार वाटलं म्हणून सांगू!

चौकशी संपली म्हणून आज सिराज मला पुसायला बसलाय. पूस रे बाबा, माझी ना नाही. नाव तेवढं अवतरणचिन्हांत घाल, म्हणजे मी एकटीच जाईन. पण दोन दिवस थांब. व्हिसा आता गजेंद्रचा रद्द झालाय; त्याचं विमान सुटू दे, तेवढं मला कळू दे.