ताटाच्या जागी भाषण

जत्रेच्या नाटकात हिरो होणाऱ्या पुरुषांबद्दल मला काडीचाही आदर नाही. सांगलीहून गावोगावी जाऊन मी त्यांच्या बायकांची, बहिणींची कामं करत आले. गावातल्या बायकांना त्यांचे नवरे स्टेजवर चढू देत नाहीत, म्हणून आमच्यासारख्या बाहेरून बोलवायच्या. आणि ह्यांचं स्वतःचं बघावं, तर एक वाक्य पाठ नसतं, पण बॅनरवर फोटो आधी लागलेला असतो.

विट्याजवळच्या त्या गावात हा हिरो म्हणजे धैर्यशील. सोसायटीचा चेअरमन, गळ्यात जाड चेन. बॅनरवर देवापेक्षा ह्याचंच तोंड मोठं. नाटक लिहिलं होतं गावच्याच कृष्णात मास्तरनं. विधवा होऊन माहेरी आलेली बहीण, आणि तिला अर्धी जमीन देणारा भाऊ, अशी गोष्ट. बहीण मी.

त्यात एक प्रसंग मास्तरनं फार चांगला लिहिला होता. भाऊ उशिरा जेवायला बसलाय. बहीण कोपऱ्यात रिकामं पातेलं खरवडतेय. तो बघतो, आणि एक शब्द न बोलता आपलं ताट तिच्यापुढं सरकवतो. एवढंच. पण तेवढ्यात माणूस आतून-बाहेरून कळतो.

धैर्यशीलनं तोच प्रसंग उडवला.

“आवं मास्तर, जेवताना कुठं टाळी पडतिया व्हय? त्यापरीस हितं भाषण टाका. ‘ताई, अर्धं शिवार तुझं, ह्यो भाऊ तुझ्यासाठी जीव दील,’ असं दणक्यात येऊ द्या.”

मास्तरनं मान डोलावली. त्याला मान डोलवण्यापलीकडं काही येतही नव्हतं. मी म्हटलं, “अहो, मी किती चांगला हे आपणच सांगत सुटलं, तर लोक विश्वास ठेवत नाहीत. भाऊ काय करतो ते दिसू दे.”

“मॅडम, तुमी सांगलीच्या. हितली पब्लिक मला ठावं हाय,” असं म्हणून त्यानं मिशीवर हात फिरवला.

माझी राहायची-जेवायची सोय त्याच्याच घरी होती. तिथं त्याची सख्खी बहीण वाढायला होती, क्रांती. तिचा नवरा कोइमतूरला सोनं गाळायचं दुकान चालवायचा. तो गेला, दुकान दिरांनी घेतलं, आणि ती पोरीला घेऊन माहेरी आली. म्हणजे स्टेजवरची गोष्ट इथं चुलीपाशी चालू होती, फक्त भाऊ वेगळा होता. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी तिला विट्याला नेऊन वडिलांच्या जमिनीवरचा हक्क सोडल्याची सही घ्यायचं त्यानं ठरवलं होतं.

“आणि तुम्ही करणार सही?” मी विचारलं.

“दादा तसा वाईट न्हाई ओ, ताई. म्हणला, सही कर, तुला आन पोरीला जलमभर सांभाळतो. सांगताना डोळ्यांत पाणी आलं त्येच्या.”

मला हसू आवरेना. तालमीत ग्लिसरीन लावल्याशिवाय त्याच्या डोळ्यांतून थेंब निघत नव्हता. मी तिला तसं सांगितलंही. तिनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. तिला एकीकडं भाऊ तुटायची भीती आणि दुसरीकडं पोरीचं काय होईल ही भीती. तिनं अजून काहीच ठरवलेलं नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

दहाला माईक बंद करायचा असा पोलिसांचा दम होता, म्हणून नाटक उजेडीच सुरू झालं. दिवेलागणीला धैर्यशीलचं भाषण आलं. शर्टाला माईक लावलेला, आवाज पार ओढ्यापर्यंत जात होता. “ताई, अर्धं शिवार तुझं!” म्हणून त्यानं छाती बडवली, आणि खरंच टाळ्या पडल्या. चार पुरुष बक्षीस घेऊन पुढं आले.

त्यांच्यामागून क्रांती उठली. पदर सावरत स्टेजपाशी आली आणि बोटातली अंगठी काढून तिनं भावाच्या हातावर ठेवली. नवऱ्यानं स्वतः घडवून आणलेली तेवढीच एक चीज तिच्या अंगावर उरली होती. ती रडत होती. तिला ते भाषण खरं वाटलं होतं, किंवा तिला ते खरं वाटायला हवं होतं.

आता बहिणीनं दिलेलं बक्षीस भावानं कपाळाला लावायचं आणि तिच्याच ओंजळीत परत द्यायचं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. क्रांतीनं त्यासाठी ओंजळ पुढं धरली. धैर्यशीलनं अंगठी कपाळाला लावली, करंगळीत सारली, आणि हात उंच करून मैदानाला दाखवली. क्रांतीची ओंजळ रिकामीच राहिली.

विंगेतून मास्तर मला पुढचं वाक्य देत होता, “दादा, तू देव आहेस... दादा, तू देव आहेस...” मी पाया पडायचं होतं. मला किळस आली. मी हळूच म्हटलं, “अंगठी द्या तिची.”

“मॅडम, आंगठीचं मागनं बघू. तुमी पाया पडा आदी.”

माईकमधून हे मैदानभर गेलं. आधी मागची पोरं हसली, मग सगळेच. क्रांती मात्र हसली नाही. तिनं ओंजळ मिटली, पदराला हात पुसले आणि जाऊन जागेवर बसली. मी पाया पडले नाही. मास्तरनं घाबरून पडदा टाकला.

सकाळी दारात गाडी उभी होती. धैर्यशील कडक इस्त्रीचे कपडे घालून हॉर्न वाजवत होता. मीही एसटीला निघाले होते. क्रांती उंबऱ्यातून पुढं सरकेना.

“सही करायची न्हाई मला,” ती म्हणाली.

“आगं, काल समद्या गावाम्होरं अर्धं शिवार तुझं म्हणलो न्हवं? आनी काय पायजे तुला?”

बघा. ह्या माणसाला खरंच वाटत होतं की म्हटलं म्हणजे दिलं.

“म्या हात फुडं धरला हुता, दादा. तुला दिसला हुता.”

तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडला. जमीन सुटतेय म्हटल्यावर हा अंगठी काढायला लागला! ती पेरावर अडकली. त्यानं बोटाला थुंकी लावली, पिळलं, ओढलं. तोंड लालभडक झालं.

“ही घे! घे तुझी आंगठी, आन चल गाडीत बस!”

क्रांतीनं ती घेतली नाही.

“ऱ्हाऊ दे तुला,” ती म्हणाली. “एवढ्या आंगठीवरच कळलास. वावर घालवून कळला असतास, तर पोरीला घेऊन कुठं गेली असती मी?”