मी ऐकलेली दोन उत्तरं

मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी माझ्यासारखा कोणी पाहिलाही नसेल. मी तबकडीचा टेलिफोन. आता अगदी जुना झालोय. रंग शेवाळी हिरवा; एका कानावर टवका उडालेला. तबकडीतले काही आकडे इतकी बोटं फिरून पुसट झाले आहेत. मला बघता येतं ते समोरच्या बोळापुरतं, पण ऐकायला मात्र दोन्हीकडचं येतं. घरातलंही आणि तारेच्या पलीकडचंही. म्हणूनच ही हकिगत माझ्याशिवाय कोणी नीट सांगू शकणार नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. लांबच लांब मेजांवर बायका बसलेल्या असत. एकीने माझ्या पोटात घंटा बसवली, दुसरीने तारा जोडल्या, तिसरीने माझी तबकडी फिरवून सोडली आणि ती परत येताना तिचा आवाज कान देऊन ऐकला. ‘हा खणखणीत आहे,’ असं ती म्हणाली. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक.

मग मी या घरी आलो. बोळातल्या फळीवर माझी जागा ठरली. घरातल्या मोठ्या बाई तेव्हा तरुण होत्या. आजूबाजूची माणसं फोन करायला यायची आणि बाई त्यांना पाणी विचारायच्या, जणू मी त्यांचा शिकलेला मुलगाच आहे. माझ्याशी बोलताना त्यांचा आवाजही बदलायचा. एरवी मोकळं बोलणाऱ्या बाई रिसीव्हर कानाला लावला की ताठ उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, “नमस्कार. कोण बोलतंय आपण?” लग्नं ठरल्याचं, बाळं झाल्याचं आणि माणसं गेल्याचं मी या घराला सांगितलं. बाईंचे यजमान गेल्याचं इस्पितळातून मलाच सांगावं लागलं. त्या वेळी वाजू नये असं मला फार वाटलं, पण वाजणं माझ्या हातात नाही.

वर्षं गेली. बाईंचा मुलगा बसचा चालक झाला, त्याचं लग्न झालं, घरात सून आली आणि बाई सासूबाई झाल्या. मग प्रत्येकाच्या खिशात छोटे फोन आले. माझ्यावर किल्ल्या पडू लागल्या, जुन्या पिशव्या पडू लागल्या. माझी दोरी दारात चेंगरून उसवली तरी कोणाचं लक्ष गेलं नाही. आता दुपारी सासूबाईंच्या बहिणीचा फोन तेवढा यायचा. मुलगा म्हणायचा, “काढून टाकू या का हा ठोकळा?” त्यावर सून हळूच म्हणायची, “राहू दे ना. आईंना मावशींशी बोलायला लागतो.” तो मान डोलावून निघून जायचा आणि मी फळीवर राहायचो.

आता या सुनेबद्दल सांगतो. बोळाच्या टोकाला एक खोली आहे. तिचं दार उघडं असलं की मला आतली एक बाजू दिसते. तिथे लाकडी डोक्यांची रांग आहे. सून त्या डोक्यांवर बारीक जाळी ताणून बसवते आणि आकड्याच्या सुईने दोन-दोन, तीन-तीन केस जाळीला गाठवते. असे हजारो केस गाठले की एक टोप तयार होतो. मोठ्या आजारात, औषधांनी ज्यांचे केस गळतात, त्या बायका तिच्याकडे येतात. येताना डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला असतो आणि नजर जमिनीवर. परत जाताना त्याच बोळातून त्या माझ्या वरच्या आरशात एकदा बघतात. काही जणी दोनदा बघतात.

सासूबाई मात्र त्या खोलीत पाऊल टाकत नसत. “परक्यांचे केस घरात! शी!” असं म्हणून दारावरून जाताना तोंड फिरवायच्या. शेजारणीने विचारलं, “सूनबाई काय करते हो दिवसभर?” तर सांगायच्या, “काही नाही, हौस आहे तिला. घरीच असते.” त्यांच्या मनात वाईट नव्हतं. सून कमावते असं म्हटलं की मुलाचं पुरत नाही असा अर्थ होतो, अशी त्यांची पक्की समजूत होती. त्यांच्या लेखी त्या मुलाची शान राखत होत्या.

एके दिवशी एका इस्पितळातल्या मुख्य परिचारिका घरी आल्या. त्यांना आपल्या विभागासाठी टोप हवे होते. एक-दोन नव्हेत, पुष्कळ, आणि पुढेही लागतील तसे. सुनेच्या आयुष्यातलं ते सर्वांत मोठं काम होतं. पण चांगले केस मिळायचे दूरच्या एका व्यापाऱ्याकडे. तो आधी कार्डावर पैसे कापून घ्यायचा, मगच माल पाठवायचा. इस्पितळ पैसे देणार होतं, पण टोप हातात पडल्यावर. आणि सुनेच्या कार्डाची मर्यादा, म्हणजे बँक एका वेळी किती उधारी देईल त्याची रेघ, फार खाली ओढलेली होती. तिचा नवरा तिला मदत करायला तयार होता, पण त्याच्याकडे कार्डच नव्हतं. “जे पैसे मी हाताने मोजले नाहीत, ते मी खर्च करत नाही,” असा त्याचा खाक्या.

म्हणून सुनेने मर्यादा वाढवून मागितली. कमाईचे कागद दिले, खात्याचा उतारा दिला. पण घरून काम करणाऱ्यांच्या बाबतीत त्या बँकेची एक रीत होती. घरच्या नंबरावर फोन करायचा आणि दुसऱ्या कोणाला तरी विचारायचं, हे काम खरंच चालतं का. आणि मित्रांनो, घरचा नंबर म्हणजे मी.

मी वाजलो तेव्हा सून जाळी आणायला बाहेर गेली होती. सासूबाई ताठ उभ्या राहिल्या.

“नमस्कार, मी बँकेतून बोलतोय. तुमच्याकडच्या बाईंनी कार्डाची मर्यादा वाढवून मागितली आहे. दोन प्रश्न होते. आपण त्यांच्या कोण?”

“मी सासू. या घरातली मोठी.”

“त्या काय काम करतात?”

“काम? छे हो! ती कुठे काम करते? घरीच असते.”

“घरून काही व्यवसाय?”

“व्यवसाय कसला आलाय! केसांचं काहीतरी करत बसते फावल्या वेळात. माझा मुलगा धडधाकट आहे. सुनेच्या कमाईवर आमची चूल पेटत नाही.”

“म्हणजे त्यांना उत्पन्न नाही, असं लिहू?”

“लिहा की! त्यात लपवायचंय काय?”

पलीकडे लिहिल्याचा आवाज आला. सासूबाईंनी मला समाधानाने जागेवर ठेवलं. माझ्या तारेत शब्द अडवून धरायची ताकद असती, तर त्या दिवशी मी ती वापरली असती.

नकार आला. सुनेने कारण विचारायला बँकेला फोन लावला, आणि तोही माझ्यावरून, कारण तिकडे फार वेळ ताटकळत ठेवतात. पलीकडच्या मुलीने शांतपणे सांगितलं, “तुमच्या घरूनच कळलं, तुम्ही काम करत नाही म्हणून. आता काही महिन्यांनी पुन्हा अर्ज करा.”

सुनेने रिसीव्हर इतका हळू ठेवला की माझी घंटा किणकिणलीसुद्धा नाही.

“आई, बँकेचा फोन आला होता?”

“आला होता की! सगळं नीट सांगितलं मी. तुला सांगायचं राहिलं बघ.”

“मी काम करत नाही, असं सांगितलंत?”

“मग काय सांगू? चांगल्या घरची सून पोटासाठी राबते म्हणून?”

सून भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, “आई, मी रोज सकाळी ती खोली उघडते, ती हौस म्हणून उघडते असं वाटतं तुम्हाला?” आणि खोलीत जाऊन तिने दार लोटून घेतलं.

मुलगा कामावरून आला, त्याला सगळं कळलं. तो आईसमोर स्टुलावर बसला. “आई, मी हा फोन काढायला निघालो होतो, आठवतं? मग तो चालू कसा आहे?”

“तू बिल भरतोस म्हणून.”

“मी नाही भरत. ती भरते, टोपांच्या पैशातून. तू मावशीशी बोलतेस ना दुपारभर, ते तिच्या हौसेवर बोलतेस.”

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे तसं कधी पाहिलं नव्हतं. त्या आठवड्यात बहिणीचा फोन आला, तेव्हा त्यांनी तो लवकर ठेवला.

मग एका सकाळी त्या बोळाच्या टोकाला जाऊन दारात उभ्या राहिल्या. आत केसांचा मोठा गुंता पडलेला होता. सून मान खाली घालून केस निवडत होती.

“काय करतेस ते?”

“मूळ एका बाजूला, टोक एका बाजूला. उलटसुलट राहिले की टोप गुंततो.”

“आण इकडे. तुझे डोळे लाल झालेत.”

सुनेने नुसती बाजूला सरकून जागा करून दिली. पहिल्या दिवशी सासूबाईंनी निवडलेलं सगळं सुनेला पुन्हा निवडावं लागलं. “आई, हे उलटं आहे.” “कशावरून?” “बोटांमध्ये धरून चोळा. केस ज्या बाजूला सरकतो, ती मुळाची बाजू.” हळूहळू त्यांच्या बोटांना ते कळायला लागलं. मग त्या दुपारच्याही बसायला लागल्या. रुमाल बांधलेल्या बायका आल्या की आता त्याच दार उघडायच्या आणि म्हणायच्या, “या, बसा. घाई नाही.”

मुख्य परिचारिकांनी काम सुनेसाठी थांबवून धरलं होतं, पण कायमचं धरणं त्यांनाही शक्य नव्हतं. बँकेने सांगितलेले महिने सरताच सुनेने पुन्हा अर्ज केला. आणि मग माझे दिवस पालटले. सासूबाईंनी माझ्यावरच्या किल्ल्या आणि पिशव्या उचलल्या, मला ओल्या फडक्याने पुसलं, माणूस बोलावून उसवलेली दोरी बदलून घेतली. माझ्यात खरखर होती, ती गेली की नाही, हे बघायला बहिणीला फोन करून म्हणाल्या, “काही बोलू नकोस, नुसतं ऐकू येतंय का ते सांग.” केस निवडायची टोपलीच त्यांनी बोळात आणली. मी किंचित किणकिणलो तरी त्या धावायच्या. एकदा कोणाचा तरी चुकून लागला. “नाही हो, इथे केक मिळत नाही. आणि आता ठेवा, आमची लाइन मोकळी हवी आहे!” मुलगा हसून म्हणाला, “आई, दृष्ट लागेल त्या फोनला.” त्या हसल्या नाहीत.

शेवटी तो फोन आला. आवाज तोच होता.

“आपल्या सूनबाई काय काम करतात?”

“टोप करतात. आजारात केस गेलेल्यांसाठी. सकाळी खोली उघडतात ती अंधार पडेपर्यंत. हे काम किती वर्षं चालू आहे म्हणाल, तर लग्न झालं तेव्हापासून. मागच्या वेळी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. तेव्हा मी ती खोली पाहिली नव्हती.”

पलीकडे पुन्हा लिहिल्याचा आवाज आला. “ठीक आहे. आणि आपण त्यांच्या कोण? सासूबाई ना?”

सासूबाईंनी टोपलीकडे पाहिलं. बोटांना अजून दोन केस चिकटलेले होते.

“मी त्यांच्याकडे कामाला आहे.”

“म्हणजे... कर्मचारी लिहू?”

“लिहा. पगार अजून ठरायचा आहे.”

खोलीच्या दारात सून उभी होती. तिच्या हातातली सुई तशीच राहिली.

मर्यादा वाढली. मागितली होती तेवढी नाही वाढली, पण केस दोन खेपांत मागवता आले. काम वेळेत पुरं झालं. त्या रात्री जेवताना सून म्हणाली, “आई, तुमच्या पगाराचं काय ते सांगा आता.” सासूबाई घास गिळून म्हणाल्या, “पैसे नकोत मला. हा फोन चालू ठेव. तोच माझा पगार.”

मित्रांनो, माझं म्हणणं एवढंच. घरातल्या जुन्या वस्तूंवर किल्ल्या टाकू नका, त्यांना अधूनमधून पुसा. आणि तुमच्या घरात कोणी दार लोटून काम करत बसत असेल, तर ते दार एकदा उघडून बघा. कोणी विचारलं, ‘ती काय करते?’ तर मग उत्तर द्यायला तुम्हाला अडचण पडणार नाही.

सासूबाई जाऊन आता बराच काळ झाला. त्यांची बहीणही गेली. माझ्यावर कोणाचा फोन येत नाही. मुलगा निवृत्त झालाय. कधीतरी तो माझ्यावरून हात फिरवतो आणि विचारतो, “आता कशाला भरतेस गं याचं बिल?”

सून केस निवडत असते. वर न बघता ती म्हणते, “आईंचा पगार आहे तो.”