वाकडा धरलेला आरसा

मित्रांनो, मी एक जुना हातआरसा आहे. केशकर्तनालयातल्या भिंतीवरचा तो ऐटबाज थोरला नव्हे. खुंटीला टांगलेला, कोपरा उडालेला धाकटा. केस कापून झाले की मालक मला गिऱ्हाइकाच्या मानेमागे धरतात. माणसाला स्वतःची मान दिसत नाही, ती मी दाखवतो. खरं सांगू? कुणी बघतच नाही. "छान, छान!" म्हणतात आणि उठतात.

मालकांच्या वस्तऱ्याने तीस वर्षांत कुणाला ओरखडा आला नाही, अशी त्यांची ख्याती. तिचा त्यांना भारी तोरा. त्यांचा एक बालमित्र दर महिन्याला यायचा. तो घरांवर पत्रे बसवायचा. सारा जन्म उन्हात, पण डोक्याला टोपी नाही.

एकदा मला त्याच्या कानामागे मसुराएवढी जखम दिसली. मालकांनाही दिसली आणि त्यांचा चेहरा उतरला. मागच्या खेपेला आपलाच वस्तरा लागला, असं त्यांना वाटलं. त्यांनी गुपचूप तुरटी फिरवली, वर पावडर लावली आणि मला जरा वाकडं धरलं. मित्राला फक्त दुसरा कान दिसला. "छान!" म्हणून तो उठला.

पुढच्या महिन्यात जखम तिथेच होती. त्याच्या पुढच्या महिन्यात मोठी झाली. वस्तऱ्याची जखम आठवड्यात भरते, हे मालकांना सांगायला हवं होतं का? तरी दर वेळी पावडर, दर वेळी मी वाकडा.

सहाव्या महिन्यात मित्र म्हणाला, "तुझी वहिनी विचारत होती, कॉलरला रक्त कसलं? बघ रे जरा."

मालकांनी मला सरळ धरलं. तो पहिल्यांदाच नीट बघत होता.

"हे कधीपासून आहे?"

"सहा महिने. वाटलं, माझाच हात चुकला. लाज वाटली रे सांगायला."

त्याने गळ्याभोवतीचं कापड सोडलं. मग म्हणाला, "दुकान बंद कर. एकट्याने दवाखान्यात जायचा धीर नाही मला."

तो त्वचेचा कॅन्सर निघाला. लवकर आला असतात तर थोडक्यात भागलं असतं, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. अर्धा कान गेला.

आता मालक दर रविवारी मला टॉवेलात गुंडाळून त्याच्या घरी नेतात. दाढी करतात, जुन्या खोड्या आठवून त्याला हसवतात, शेवटी त्याला घरच्या आरशासमोर बसवून मला मागे धरतात. तो आता "छान" म्हणत नाही, बघतो.

आज टाक्यांच्या खाली एक नवा लाल ठिपका दिसला. मालक मला धरता धरता थांबले.

"काही आहे का रे?" मित्राने विचारलं.

पावडरीचा डबा हाताशीच होता.

"आहे," मालक म्हणाले. "उद्या सकाळीच जाऊ. मी येतो."

उद्याचं मला ठाऊक नाही, मित्रांनो. पण एखादी जखम भरत नसेल, एखादा तीळ रंग-रूप बदलत असेल, तर चूक कुणाची हे शोधत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि कुणी मला तुमच्या मानेमागे धरलं, तर उठायची घाई करू नका. मला दिसतं ते तुम्हीही बघा.